दोन टिंबे आणि एक तिरकी रेघ

बंद कपाटांची पद्धत असलेल्या सार्वजनिक ग्रंथालयात वाचकास स्वतः कपाटापाशी जाता येत नाही. तो एका चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव लिहून खिडकीत देतो. शिपाई आत जातो, पुस्तक शोधून आणतो आणि खिडकीतून वाचकाच्या हाती देतो. आता अशी कल्पना करावी की, हा शिपाई अत्यंत आज्ञाधारक आहे, चपळ आहे, इमारतीतील प्रत्येक खोलीची किल्ली त्याच्या कमरेला आहे. परंतु चिठ्ठीवर लिहिलेले पुस्तकाचे नाव आहे की रस्ता आहे, हे ओळखण्याची बुद्धी त्यास नाही. एके दिवशी कोणी चिठ्ठीवर लिहितो: ‘कादंबरी विभागातून बाहेर पडावे, जिना उतरावा, कार्यालयात जावे, ग्रंथपालांच्या टेबलाच्या खणातील वही.’ शिपाई जातो आणि ती वही आणून खिडकीत ठेवतो. कोणतेही कुलूप फोडले गेलेले नाही. शिपाई लाचखाऊही नाही. चिठ्ठीवर जे लिहिले होते ते त्याने निमूटपणे केले, इतकेच.

आंतरजालावरील अनेक संकेतस्थळांत असा शिपाई काम करीत असतो. त्याच्यामुळे घडणाऱ्या दोषास संगणकाच्या परिभाषेत ‘पाथ ट्रॅव्हर्सल’ म्हणतात. मराठीत त्यास मार्गोल्लंघन म्हणता येईल. सीमोल्लंघन हा शब्द दसऱ्यामुळे मराठी वाचकाच्या परिचयाचा आहेच, आणि ‘उल्लंघन’ या शब्दात ओलांडणे व मर्यादा मोडणे असे दोन्ही अर्थ नांदतात. मूळ इंग्रजी शब्दात पहिलाच प्रामुख्याने आहे. हा दोष जुना आहे, समजावयास सोपा आहे, आणि तरीही तो नाहीसा होत नाही. अमेरिकेतील मायटर ही संस्था सर्वाधिक धोकादायक अशा २५ आज्ञावली-दोषांची यादी प्रसिद्ध करीत असते. तीत २०२३ साली मार्गोल्लंघन आठव्या स्थानी होते आणि २०२४ साली पाचव्या. इतक्या जुन्या व इतक्या परिचित दोषाच्या चिवटपणाचे कारण अज्ञान हे मानता येत नाही. इलाज चुकीच्या जागी केला जात आहे, हे त्याचे कारण आहे; आणि टेम्प्लेट इंजिन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रणेच्या इतिहासात ते फार स्पष्ट दिसते.

शाळेत विद्यार्थ्यास दाखला द्यावयाचा असतो तेव्हा लेखनिक प्रत्येक वेळी नवा मजकूर रचीत बसत नाही. छापील नमुना तयार असतो. नाव, इयत्ता, जन्मतारीख यांच्यासाठी जागा मोकळ्या सोडलेल्या असतात, त्या तेवढ्या भरावयाच्या. संकेतस्थळाचे पान बहुधा असेच तयार होते. पानाचा ठरीव भाग साच्यात असतो, बदलता भाग माहितीच्या साठ्यातून येतो, आणि दोहोंचा मेळ घालणाऱ्या आज्ञावलीस टेम्प्लेट इंजिन म्हणतात. पायथॉन भाषेतील जिंजा, पीएचपीतील ट्विग, रुबी भाषेतील रेल्स या चौकटीचा ‘ॲक्शन व्ह्यू’ हा भाग, जँगो या चौकटीची स्वतःची साचा-भाषा ही त्यांतील काही प्रसिद्ध नावे. साचे सामान्यतः सर्व्हरवरील एका फोल्डरात फाइलींच्या रूपाने ठेवलेले असतात. इंजिनास ‘दाखला’ असे नाव दिले की, ते साच्यांच्या फोल्डरचा मार्ग व हे नाव एकापुढे एक जोडते आणि त्या मार्गावरील फाइल उघडून वाचते. नाव जर संकेतस्थळाच्या चालकाने लिहिलेले असेल तर यात काहीच वावगे नाही. ते नाव, किंवा त्याचा एखादा तुकडा, बाहेरून आलेला असेल तेव्हा प्रश्न उपस्थित होतो.

कारण असे की, फाइलीच्या मार्गातील प्रत्येक पद हे नावच असते असे नाही. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स ही कार्यप्रणाली रचावयास आरंभ केला. नोव्हेंबर १९७१ मध्ये निघालेल्या तिच्या पहिल्या मार्गदर्शिकेतच नमूद आहे की, प्रत्येक फोल्डरात दोन नोंदी संकेताने असतात: एक टिंब म्हणजे तो फोल्डर स्वतः, आणि दोन टिंबे म्हणजे ज्याच्या पोटात तो आहे तो वरचा फोल्डर. तिरकी रेघ एका पदापासून दुसरे पद वेगळे करते. म्हणजे ‘../’ ही तीन चिन्हे ‘एक पायरी वर चढ’ अशी आज्ञाच होय. सोय म्हणून हा संकेत उत्तम आहे. अर्धशतकाहून अधिक काळ तो टिकला आहे तो उगीच नव्हे. सर्वांत वरच्या, मूळ फोल्डरात मात्र दोन टिंबांचा अर्थ ‘तोच फोल्डर’ असा होतो, कारण त्याच्या वर जावयास जागाच नाही. ह्या बारीकशा तरतुदीचा परिणाम मोठा आहे. साच्यांचा फोल्डर किती पायऱ्या खाली आहे हे आगंतुकास ठाऊक असण्याचीही गरज उरत नाही. चार पायऱ्या असोत की सात, त्याने ‘../’ दहा वेळा लिहिले की तो मुळाशी पोचतोच; अधिकची टिंबे वाया जातात, त्याला अपाय करीत नाहीत. मग तेथून हव्या त्या फाइलीचे नाव लिहावयाचे.

अशा रीतीने हाती काय लागते? युनिक्सच्या कुळातील सर्व्हरवर खातेदारांची यादी असलेली एक फाइल ठरलेल्या जागी असते. हल्लेखोर बहुधा प्रथम तीच मागतो. तीत फार मोठे गुपित असते असे नाही, परवलीचे शब्द आता तीत ठेवीत नाहीत. परंतु ती सर्वत्र सापडते, आणि ती आली म्हणजे वाट खुली असल्याची खात्री पटते. त्यानंतरची मागणी गंभीर असते. माहितीच्या साठ्याचा परवलीचा शब्द, इतर सेवांच्या किल्ल्या, संकेतस्थळ ज्या गुप्त किल्लीने आपल्या सदस्यांच्या ओळखचिठ्ठ्यांवर शिक्का मारते ती किल्ली, ह्या सर्व गोष्टी पुष्कळदा साध्या फाइलींत असतात. ती शेवटची किल्ली गेली की, हल्लेखोर कोणत्याही सदस्याची, प्रशासकाचीसुद्धा, खोटी ओळखचिठ्ठी बनवू शकतो. वाचण्यापुरता वाटणारा दोष पाहता पाहता ताबा घेण्याचा दोष होऊन बसतो. संकेतस्थळ परीक्षेच्या निकालांचे असेल, रुग्णांच्या नोंदींचे असेल किंवा शिधापत्रिकांच्या अर्जांचे असेल, तर ज्यांचे नुकसान होते त्या माणसांनी टेम्प्लेट इंजिन हा शब्दही कधी ऐकलेला नसतो.

दोष ध्यानात आल्यावर प्रोग्रामरच्या मनात येणारा पहिला इलाज ठरलेला असतो: आलेल्या मजकुरातून ‘../’ पुसून टाकावे. हा इलाज किती पोकळ आहे हे शाळेतील मुलासही कागद-पेन्सिल घेऊन पाहता येईल. चार टिंबे व त्यांपुढे दोन तिरक्या रेघा लिहाव्या: ‘....//’. यात ‘../’ एकदाच सापडते, अगदी मधोमध. ते खोडावे. उरलेली दोन टिंबे व उरलेली रेघ एकमेकांजवळ सरकतात, आणि जे पुसावयाचे होते तेच पुन्हा तयार होते. पुसणाऱ्यानेच ते घडवून दिलेले असते. काही सापडेनासे होईपर्यंत पुसत राहावे म्हटले, तर ही एक पळवाट बंद होते. पण विंडोज प्रणालीत उलटी तिरकी रेघही तेच काम करते, ती राहते. ती पुसली तरी चिन्हे सांकेतिक रूपात लिहिण्याची सोय राहतेच. वेबच्या पत्त्यात कोणतेही चिन्ह टक्केचिन्ह व त्यापुढे सोळा पायाच्या गणनेतील दोन अंक, अशा रीतीने लिहिता येते. मजकूर आधी तपासला आणि मागाहून उलगडला, तर तपासनीसाच्या दृष्टीस टिंब पडतच नाही. ते पुढे, तपासणी आटोपल्यावर, प्रकट होते.

मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब-सर्व्हरविषयी ऑक्टोबर २००० मध्ये जाहीर झालेला दोष याच जातीचा होता. यूटीएफ-८ या लिपिसंकेतात तिरकी रेघ एका बाइटात लिहावयाची असते. ती नियमबाह्य रीतीने दोन बाइटांत लिहिली तर तपासणी करणारा भाग तिला ओळखीत नसे; फाइल शोधणारा भाग मात्र ती रेघ म्हणूनच वाची. दोघांचे वाचन निराळे, आणि त्या फटीतून आगंतुक आत. पुढील वर्षी, सप्टेंबर २००१ मध्ये, निमडा नावाच्या संगणक-कृमीने पसरण्यासाठी ज्या अनेक वाटा वापरल्या त्यांत हीही एक होती. त्यावर वीस वर्षे लोटली, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये अपाची या सर्व्हरच्या २.४.४९ या आवृत्तीत टक्केचिन्हाने लिहिलेले टिंब तपासणीतून निसटत असल्याचे उघड झाले. ४ ऑक्टोबरला दुरुस्त आवृत्ती निघाली. तीत एकदा सांकेतिक केलेले टिंब पकडले जाई, दोनदा केलेले सुटे. म्हणून ७ ऑक्टोबरला तिसरी आवृत्ती काढावी लागली. हे काम करणारी माणसे नवशिकी नव्हती. जगातील सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या सर्व्हरांपैकी एक ती सांभाळीत होती.

टेम्प्लेट इंजिनांचा इतिहास याहून निराळा नाही. जँगोत ‘एसएसआय’ नावाची एक खूण होती. साच्याच्या मध्यभागी दुसरी एखादी फाइल आणून बसविण्यासाठी ती वापरीत. कोणत्या फोल्डरांतून फाइली आणता येतील याची यादी चालकाने द्यावयाची असे. म्हणजे मर्यादा आखलेली होती आणि ती तपासलीही जात होती. परंतु तपासणी एवढीच की, मागितलेला मार्ग त्या यादीतील एखाद्या फोल्डरच्या नावाने सुरू होतो काय. ‘साचे/../../गुपिते’ हा मार्ग ‘साचे’ याच शब्दाने सुरू होतो! अक्षरे पाहिली तर तो कुंपणाच्या आत आहे. चालून पाहिले तर बाहेर. सप्टेंबर २०१३ मध्ये ही चूक दुरुस्त झाली, आणि २०१६ साली ती खूणच जँगोतून काढून टाकण्यात आली. रेल्समध्ये, बाहेरून आलेले नाव थेट साचा म्हणून वापरण्याची मोकळीक काही प्रोग्रामर घेत. त्यातून होणाऱ्या मार्गोल्लंघनावर जानेवारी २०१६ मध्ये दुरुस्ती निघाली, आणि ती सर्व वाटा बंद करीत नसल्याचे दिसून आल्यावर फेब्रुवारीअखेर दुसरी काढण्यात आली. ट्विगमध्ये साध्या नावांची तपासणी होई, परंतु ‘ॲट’ या चिन्हाने आरंभ होणारी, साच्यांच्या एखाद्या विभागाचा निर्देश करणारी नावे त्या तपासणीतून सुटत. सप्टेंबर २०२२ मध्ये ते उघड झाले आणि ट्विगवर उभ्या असलेल्या ड्रुपल या प्रणालीसही सुधारित आवृत्ती काढावी लागली. ड्रुपलमध्ये साचे लिहिण्याचा अधिकार असलेल्यासच याचा गैरफायदा घेता येण्याजोगा होता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

या सर्वांत अधिक बोधप्रद प्रकरण रेल्सचेच, परंतु १३ मार्च २०१९ रोजी जाहीर झालेले. ते जॉन हॉथॉर्न या प्रोग्रामरने शोधून काढले, आणि त्याची नोंद सीव्हीई-२०१९-५४१८ या क्रमांकाने झाली. ब्राउझर जेव्हा सर्व्हरकडे पान मागतो तेव्हा पत्त्याखेरीज काही टिपणेही सोबत पाठवितो. त्यांतील ‘ॲक्सेप्ट’ नावाचे टिपण सांगते की, उत्तर कोणत्या स्वरूपात चालेल: एचटीएमएल, साधा मजकूर, जेसन इत्यादी. एकाच नावाचे अनेक साचे असतील तर त्यांतील कोणता उचलावा हे रेल्स या टिपणावरून ठरवी. त्यासाठी ती शोधाचा एक नमुना बनवी. त्यात महिरपी कंसांत पर्याय लिहिलेले असत, अमुक भाषा अथवा काहीच नाही, अमुक स्वरूप अथवा काहीच नाही. आणि त्या नमुन्याशी जुळणारी फाइल धुंडाळली जाई. ‘स्वरूप’ या जागी टिपणातील मजकूर जाऊन पडे. तो ओळखीच्या स्वरूपांपैकी आहे की नाही हे तेथे पाहिले जात नव्हते. सामान्य ब्राउझर तेथे ठरावीक नावेच लिहितो, त्यामुळे वर्षानुवर्षे काही बिघडलेही नाही. हॉथॉर्न यांनी दाखवून दिले की, त्या टिपणात ‘../’ ची माळ, तिच्यापुढे हव्या त्या फाइलीचा मार्ग आणि शेवटी उघडे सोडलेले दोन महिरपी कंस लिहिले असता ते कंस नमुन्यातील कंसांशी जुळून जातात, नमुना सुसंगत राहतो, आणि सर्व्हर ती फाइल साचा समजून उघडतो व पानाच्या जागी पाठवून देतो.

हे घडण्यासाठी संकेतस्थळाच्या प्रोग्रामरने कोणती चूक केलेली असावी लागे? एखादी फाइल मार्ग देऊन दाखविण्याची, रेल्सनेच पुरविलेली एक साधी आज्ञा त्याने वापरलेली असावी लागे, आणि स्वरूप कोणते ते तेथे स्वतः लिहून ठेवलेले नसावे लागे. फाइलीचे नाव त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेले होते. त्यात आगंतुकाचे एक अक्षरही नव्हते.

येथे एका जुन्या वादाचा निकाल लागावयास हवा. इंजिन हे हत्यार आहे, बाहेरचा मजकूर त्याच्या हाती देऊ नये ही काळजी वापरणाऱ्याने घ्यावी, असा युक्तिवाद इंजिनांच्या बाजूने केला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. २०१६ च्या प्रकरणात वापरणाऱ्याचा हलगर्जीपणा होताच. परंतु २०१९ च्या प्रकरणात वापरणाऱ्याने इंजिनाच्या हाती तसे काही दिलेच नव्हते. टिपण इंजिनाच्या चौकटीनेच वाचले, नमुना तिनेच जुळविला, फाइल तिनेच उघडली. ही जुळणी आतल्या आत कशी होते, हे वापरणाऱ्यास दिसतही नाही. मग त्याने सावध राहावयाचे ते कशाबद्दल? मार्ग जो जुळवितो त्यानेच तो कोठे पोचतो हे पाहिले पाहिजे. चिठ्ठी कशी लिहावी याचे नियम खिडकीवर टांगून ग्रंथालयाची जबाबदारी संपत नाही. आत जाणारा शिपाई ग्रंथालयाचाच असतो.

दुरुस्तीचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. तिने ‘../’ पुसण्याचा उद्योगच केला नाही. स्वरूपाच्या जागी यापुढे केवळ रेल्सकडे आधीच नोंदलेल्या स्वरूपांची नावे घेतली जातील, बाकी सर्व टाकून दिले जाईल, एवढेच तिने ठरविले. टिंबे आली काय, टक्केचिन्हे आली काय, दोनदा गुंडाळून आली काय, नोंदवहीत ते नाव नाही म्हणजे ते नाही. मजकुरात वाईट काय असू शकते याची यादी करणे हे न संपणारे काम आहे. चालण्याजोगे काय याची यादी पुष्कळदा हाताच्या बोटांवर मोजता येते.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, मोठ्या संकेतस्थळावर साचे हजारांनी असतात, त्यांत रोज भर पडते. यादी कोण ठेवणार? आक्षेप खरा आहे, पण तो माणसाने यादी ठेवण्याविरुद्ध आहे. आज्ञावली सुरू होतानाच साच्यांचा फोल्डर एकदा वाचून काढावा आणि प्रत्येक नावासमोर त्याचा साचा, असा तक्ता तिने स्वतः बनवावा, यास काहीच हरकत नाही. त्यानंतर बाहेरून आलेले नाव त्या तक्त्यात शोधावयाचे. तक्त्यास वर-खाली नसते, त्याला पायऱ्या नसतात. त्यात ‘../’ या चिन्हांना काही अर्थच राहत नाही. ती केवळ न सापडणारी तीन अक्षरे होतात. गो या भाषेत फेब्रुवारी २०२१ पासून साच्यांच्या फाइली तयार आज्ञावलीच्या पोटातच बसविण्याची सोय आहे, आणि त्या पोटातील मार्गांत दोन टिंबांस स्थान नाही. ज्यांना फाइलींच्या फोल्डरावाचून गत्यंतर नाही त्यांनी निदान जिंजाचे वर्तन पाहावे. बाहेरून दिलेल्या नावाचे ती तिरक्या रेघेवर तुकडे पाडते, आणि त्यांतील एकही तुकडा दोन टिंबांचा निघाला तर ‘असा साचा नाही’ एवढेच उत्तर देऊन थांबते. नाव साफ करून पुढे नेण्याच्या भानगडीत ती पडत नाही. चिठ्ठी संशयास्पद असेल तर ती परत करावी. खाडाखोड करून तीच चिठ्ठी आत नेणारा शिपाई फार उत्साही म्हणावयाचा.

अक्षरे तपासून भागत नाही, यास आणखी एक कारण आहे. फाइल-व्यवस्थेत एका जागी दुसऱ्या जागेचा निर्देश करणारी नोंद ठेवता येते. तीस सिम्बॉलिक लिंक म्हणतात. अशी नोंद साच्यांच्या फोल्डरात असेल तर दोन टिंबांवाचूनही पाऊल बाहेर पडते, आणि मार्गाच्या अक्षरांत त्याचा मागमूस नसतो. मार्ग खरोखर कोठे पोचतो हे तो चालणाऱ्यासच, म्हणजे कार्यप्रणालीसच, निश्चित कळते. म्हणूनच मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत फाइल उघडतानाच ‘या फोल्डराबाहेर पाऊल पडत असेल तर उघडू नये’ असे कार्यप्रणालीस बजावता येण्याची सोय झाली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये गो भाषेतही तशीच सोय आली. साधी सोय, यायला पन्नास वर्षे लागली. शिपायाच्या कमरेला सर्व खोल्यांच्या किल्ल्या असण्याचे कारणही मुळातच नाही. सर्व्हरवरील आज्ञावली ज्या खात्याने चालते त्या खात्यास साच्यांव्यतिरिक्त थोड्याच फाइली वाचण्याचा अधिकार ठेवणे हे दुसरे कुंपण होय. ते कोणीही आजच घालू शकतो.

दोषाचे एक मूळ शिकवणीत आहे. वेबची आज्ञावली शिकविताना पहिल्या काही धड्यांतच एक छोटी कृती पुष्कळदा दाखविली जाते: पत्त्यात ‘पान’ या शब्दापुढे ‘संपर्क’ असे लिहावे, आणि आज्ञावलीने त्या नावाची फाइल आणून पानात बसवावी. एका ओळीत काम होते, विद्यार्थ्यास आनंद होतो, आणि मार्गोल्लंघनाचे दार उघडे राहते. सावध शिक्षक नावापुढे ‘.पीएचपी’ असे शेपूट जोडावयास सांगत, म्हणजे दुसऱ्या प्रकारची फाइल उघडणार नाही. डिसेंबर २०१० मध्ये निघालेल्या पीएचपीच्या ५.३.४ या आवृत्तीपूर्वी नावाच्या शेवटी शून्य मूल्याचा बाइट लिहिला की, फाइल उघडणारा भाग तेथेच वाचन थांबवी आणि शेपूट गळून पडे. तीच कृती यादीसह शिकविली तर एका ओळीच्या पाच ओळी होतात: पाने कोणती ते लिहावे, आलेले नाव त्यांत आहे काय ते पाहावे, नसेल तर नाही म्हणावे. चार ओळींचा हा जादा खर्च पाठ्यपुस्तकास परवडावा.

भारतात हा प्रश्न केवळ प्रोग्रामरचा राहिलेला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने, ज्या संस्थेच्या ताब्यात लोकांची माहिती आहे तिच्यावर वाजवी सुरक्षा-उपाय योजण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. माहितीवरील काम दुसऱ्या कोणाकडून करवून घेतले, म्हणून मूळ संस्था त्या जबाबदारीतून सुटत नाही. तथापि नगरपालिका, विद्यापीठ किंवा सहकारी पतपेढी जेव्हा संकेतस्थळ करून घेते, तेव्हा त्यात कोणते टेम्प्लेट इंजिन आहे, त्याची आवृत्ती कोणती, आणि दुरुस्ती निघाल्यास ती किती दिवसांत कोणी बसवावयाची, हे करारनाम्यात लिहून घेण्याची प्रथा पडलेली नाही. इमारतीच्या करारात सिमेंटचा प्रकार लिहिला जातो. ही तीन वाक्ये लिहावयास विशेष ज्ञान लागत नाही. ग्रंथालयाचा कार्यवाह किंवा शाळेचा मुख्याध्यापकही ती मागू शकतो.

दुरुस्ती निघणे आणि दुरुस्ती बसणे यांत किती अंतर असते, याची नोंद अमेरिकेत सापडते. प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या दोषांची एक यादी तेथील सिसा ही सरकारी सायबरसुरक्षा संस्था ठेवते. ७ जुलै २०२५ रोजी तीत सीव्हीई-२०१९-५४१८ या दोषाची भर पडली, आणि केंद्रीय सरकारी कार्यालयांस तो दूर करण्यासाठी २८ जुलैपर्यंत मुदत देण्यात आली. दुरुस्त आवृत्त्या १३ मार्च २०१९ पासून उपलब्ध होत्या.